आजोबांचा लष्करी बिल्ला ओळखायचा तर आधी तो उलटा करा

प्रश्न दारव्हा तालुक्यातून आला आहे. आजीच्या लोखंडी पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत, इंचभर रुंदीचा एक पितळी बिल्ला सापडला. त्यावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन, मधोमध उभा खांब आणि इंग्रजीत ‘महार’ ही अक्षरे आहेत. मागे दोन कड्या होत्या, त्यातली एक तुटली आहे. आबाजी, म्हणजे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात लामावर (लढाईवर) होते, ब्रह्मदेशात गेले होते, असे घरात सांगतात. परत आल्यावर ते सणावाराला हा बिल्ला कोटाला लावत. हा बिल्ला युद्धातलाच का? आणि त्यावरून त्यांची पलटण कळेल का?

बिल्ला महार रेजिमेंटचा आहे, यात शंका नाही. पण तो महायुद्धातला नाही. वर्णन बरोबर असेल तर तो ऑक्टोबर १९४६ नंतरचा आहे, आणि युद्ध सप्टेंबर १९४५ मध्येच संपले होते. यावरून घरातली गोष्ट खोटी ठरत नाही. आबाजी युद्ध संपल्यावरही फौजेत राहिले असण्याची शक्यता मात्र वाढते, आणि तसे असेल तर त्यांचे कागद सापडण्याची शक्यताही वाढते. हा निष्कर्ष कसा निघतो ते पुढे सांगतो. याच रीतीने कुठलाही जुना बिल्ला ओळखता येतो.

त्याआधी एक गोष्ट. बिल्ला घासू नका. आपल्याकडे पितळ हाती आले की चिंच आणि राख घेऊन बसायची सवय असते. चिंचेच्या आंबटाने पितळातले जस्त निघते आणि पृष्ठभाग लालसर, खरबरीत होतो. राखेने बारीक अक्षरांच्या कडा झिजतात. सोनेरी किंवा चांदीचा मुलामा असला तर तो एकाच घासणीत जातो. नेमक्या याच गोष्टींवरून बिल्ल्याचा काळ ओळखायचा असतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. खाचेत हिरवी भुकटी साचली असेल तर लाकडी काडीच्या टोकाने अलगद काढा, सुई किंवा पिन लावू नका. तुटलेली कडी सोनाराकडून डाग देऊन बसवून घेऊ नका. तुटका सांधाही पुरावाच आहे, आणि डाग देताना लागणाऱ्या आचेने जुन्या धातूचा रंग बदलतो.

आता बिल्ला उलटा करा. पुढची बाजू रेजिमेंट सांगते, मागची बाजू तो कशासाठी बनला आणि साधारण केव्हा बनला ते सांगते. लोक पुढच्या बाजूचे फोटो पाठवतात आणि तिथेच गाडी अडते.

कोटाच्या काजात लावायच्या खऱ्या बिल्ल्याला मागे अर्धचंद्राच्या किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी असते. ती काजातून आत सरकवायची आणि फिरवायची, म्हणजे बिल्ला बसतो. काहींना आटे असलेला खिळा आणि त्यावर फिरवायची गोल चकती असते. हे बिल्ले गणवेशावर लावायचे नसत. सैनिक घरी परतल्यावर साध्या कपड्यांवर लावत, किंवा माजी सैनिकांच्या संघटना देत.

मागे दोन कड्या असतील आणि त्यांतून दुपाखी पिन, म्हणजे कॉटर पिन, आडवी जात असेल, तर तो गणवेशाचा बिल्ला. इंच-सव्वा इंचाचा असेल तर बहुधा कॉलरचा, दीड-दोन इंचांचा असेल तर टोपीचा किंवा पगडीचा. कॉलरचे बिल्ले जोडीने असत. चित्रात प्राणी किंवा तोंड असलेली वस्तू असेल तर डावा आणि उजवा समोरासमोर बघतात. तुमच्या बिल्ल्याचे चित्र दोन्हीकडे सारखेच असल्याने डावा-उजवा कळणार नाही, पण पेटी पुन्हा एकदा रिकामी करून बघा. जोडीदार तळाशी किंवा अस्तराखाली असू शकतो. टोपीच्या बिल्ल्याला कड्यांऐवजी मागे एक उभी चपटी पट्टीही असते, ती कापडाच्या चिरेत खाली सरकवायची.

मागे साडीला लावायच्या ब्रोचसारखी टाचणी आणि आकडा असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर तो पत्नीसाठी किंवा आईसाठी बनवलेला छोटा दागिना असतो, इंग्रज सैनिकांत तशी पद्धत होती. किंवा कड्या तुटल्यावर गावच्या सोनाराने टाचणी बसवलेली असते. दुसऱ्या प्रकारात डागाचा राखाडी धातू बाजूला ओघळलेला दिसतो आणि मूळ कड्यांचे दोन गोल वण राहतात.

मागे दोन टोकदार खिळे आणि त्यांवर दाबून बसणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या असतील, जशा हल्ली शाळेच्या बिल्ल्यांना असतात, तर १९४२ सालचा बिल्ला म्हणून कोणी दाखवला तरी मान्य करू नका. आपल्याकडच्या बिल्ल्यांवर ही पद्धत युद्धानंतरची आहे.

धातूचे कामही मागूनच कळते. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याची मागची बाजू पोकळ असते, पुढचे चित्र मागे उलटे उमटलेले दिसते आणि कडा धारदार असतात. ओतीव बिल्ल्याची मागची बाजू सपाट व रवाळ, अक्षरे बोथट, कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढी भोके. ओतीव दिसला की नकली, असे समजायची घाई करू नका. युद्धात फौज एकदम वाढली, विलायतेहून माल वेळेवर येईना, तेव्हा छावणीजवळच्या बाजारातल्या कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्ले सैनिकांनी खरोखर वापरले. ब्रिटनमध्ये तर धातू वाचवायला प्लास्टिकचेही बिल्ले निघाले. म्हणून हलका किंवा ओबडधोबड बिल्ला खेळण्यातला म्हणून टाकून देऊ नका. मागे गाँट किंवा फर्मिन अशी कारखान्याची नावे दिसली तर विलायती माल. लोहचुंबक लावून बघा. पितळ, तांबे, चांदी, जर्मन सिल्व्हर यांतले काहीच चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर मुलामा आहे.

मागची बाजू झाली की पुढे मुकुट शोधा. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या फुगीर असतात. १९५३ नंतर राणीचा मुकुट आला, त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. भारतीय लष्कराच्या बिल्ल्यांवरचा मुकुट २६ जानेवारी १९५० पासून गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे दबलेल्या कमानींचा मुकुट असलेला बिल्ला महायुद्धातल्या आपल्या सैन्याचा असू शकत नाही, तो बहुधा ब्रिटनमधला नंतरचा आहे. गुंफलेली जी, आर, आय ही अक्षरे असतील तर ती राजा-सम्राटाची. त्यांत रोमन पाच असेल तर पंचम जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९३६. रोमन सहा असेल तर सहावा जॉर्ज, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा काळ. तुमच्या बिल्ल्यावर मुकुटही नाही आणि सिंहही नाही, त्यामुळे ही कसोटी इथे चालत नाही. इथे खांब आणि बंदुका बोलतात.

महार रेजिमेंटची पहिली पलटण, म्हणजे बटालियन, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये कामठीला. सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता आणि ‘महार’ हा शब्द. ज्या लढाईत महार शिपाई लढले, त्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ. बंदुका तेव्हा नव्हत्या. ऑक्टोबर १९४६ मध्ये या रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि तिपाईवरच्या दोन व्हिकर्स मशीनगन बिल्ल्यावर आल्या, मध्ये स्तंभ तसाच राहिला. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला. आजच्या बिल्ल्यावर बंदुका आणि खंजीर दिसतो. म्हणून नुसता स्तंभ असेल तर युद्धकाळ, स्तंभ आणि बंदुका असतील तर युद्धानंतरचा मधला काळ, खंजीर आणि बंदुका असतील तर त्याही नंतरचा. तुमचा मधल्या काळातला आहे. फक्त भिंग घेऊन एकदा खात्री करा की मधली वस्तू खांबच आहे. झिजलेल्या बिल्ल्यावर खंजिराची मूठ घासून गेली तर तो खांबासारखा दिसतो. खांबाला खाली चौथरा असतो आणि तो वर निमुळता होत जातो. खंजिराला मुठीपाशी आडवी दांडी असते, ती कितीही झिजली तरी दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे राहतात.

ब्रह्मदेशाची गोष्ट या माहितीशी जुळते. महारच्या पलटणींपैकी पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या, दुसरी ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली आणि युद्धानंतर इराकमध्ये होती. पंचविसावी पलटण अंतर्गत सुरक्षेच्या कामावर होती, ती १९४६ मध्ये मोडली. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘ब्रह्मदेश’ एवढेच विचारू नका. बसरा, बगदाद, खजुराची झाडे असे काही आबाजी बोलत का, ते विचारा. बोलत असतील तर दुसरी पलटण असण्याला चांगला आधार मिळतो. पेशावर, खैबर, पठाण असे काही बोलत असतील तर दिशा पहिल्या किंवा तिसऱ्या पलटणीकडे जाते. पंजाबातल्या निर्वासितांच्या रेल्वेगाड्या आणि काफिले यांच्या गोष्टी सांगत असतील तर आणखी बरे, कारण १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी या पलटणी पंजाबच्या सीमा दलात होत्या. तुमच्या बिल्ल्याचा काळ हाच आहे.

यापेक्षा पक्की कसोटी पदकांची. पेटीत, देवघरात, जुन्या कोटाच्या खिशात पदक किंवा नुसती फीत राहिली आहे का, ते पाहा. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन सारखे उभे पट्टे असलेली फीत सापडली तर ती भारतीय स्वातंत्र्य पदकाची. हे पदक १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे सेवेत होते त्यांना मिळाले. ते सापडले तर बिल्ल्याचा आणि आबाजींच्या नोकरीचा मेळ बसला. ते नाहीच आणि डिस्चार्ज, म्हणजे फौजेतून सुटका, १९४६ च्या मध्यावर झाला असे कागदावर निघाले, तर बिल्ला त्यांचा स्वतःचा नसून फौजेत मागे राहिलेल्या भावाचा, चुलतभावाचा किंवा सोबत्याचा असू शकतो. एकाच वाड्यातली दोन-तीन पोरे एकाच भरतीत गेली, असे तेव्हा सर्रास होई.

युद्धाची पदके अशी. सहा टोकांचे काशाच्या रंगाचे तारे आणि गोल पदके. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी ते आहे, पण बंगाल आणि आसाममधल्या ठरवून दिलेल्या भागातल्या सेवेसाठीही ते मिळे. त्यामुळे हे पदक असलेला प्रत्येक जण रंगूनपर्यंत गेला होता असे नाही. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये लाल, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी रेघ. इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल. वॉर मेडल पांढऱ्या धातूचे, गोल, मागे राक्षसी प्राण्यावर उभा सिंह. ते २८ दिवसांच्या सेवेवर बहुतेक सगळ्यांना मिळाले, म्हणून त्यावरून फारसे काही ठरत नाही. इंडिया सर्व्हिस मेडल मात्र महत्त्वाचे आहे. युद्धक्षेत्राबाहेर तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ते होते. फक्त वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल ही दोनच असतील तर आबाजी परदेशात लढायला गेले नव्हते, असे मानायला हरकत नाही. त्यांनी डेपोत, रसद पुरवण्यात, पहाऱ्यावर काढलेली वर्षेही तितकीच खरी आहेत, घरात ते सांगताना कमीपणा वाटायचे कारण नाही.

पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, भिंग धरून फिरवा. भारतीय सैनिकांच्या काही पदकांवर तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सापडली तर बिल्ल्यापेक्षा त्या एका ओळीला जास्त किंमत आहे.

इतरांच्या घरी वेगळे बिल्ले निघतील, त्यांच्यासाठी थोडे. पितळी अक्षरांची नुसती कमान असेल तर ती खांद्यावरची पट्टी आहे. आर-आय-ए-एस-सी म्हणजे रसद आणि वाहतूक, ड्रायव्हर आणि खेचरवाले त्यातलेच. आय-ए-एम-सी म्हणजे वैद्यकीय कोअर, ती ३ एप्रिल १९४३ ला झाली, त्याआधी इंडियन हॉस्पिटल कोअर होती. आय-ई-एम-ई म्हणजे यांत्रिक दुरुस्तीवाले, १ मे १९४३ पासून. ‘महरट्टा’ हे जुने स्पेलिंग आणि पुढे ५ आकडा असेल तर मराठा लाइट इन्फंट्री, १९२२ ते १९४५. १११ आकडा असलेला महारांचा बिल्ला मात्र पहिल्या महायुद्धातला, ती पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, म्हणजे तो पणजोबांचा. गोल, चांदीचा, ‘फॉर किंग अँड एम्पायर’ लिहिलेला आणि मागे नंबर असलेला बिल्ला १९१६ पासूनचा, जखमी होऊन किंवा आजारपणाने सुटलेल्यांसाठी. ए-आर-पी लिहिलेला बिल्ला सैन्याचा नाहीच, तो हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या नागरी दलाचा. रेल्वे, पोलीस, स्काउट यांचे बिल्लेही लष्करी म्हणून फिरतात. आझाद हिंद सेनेच्या बिल्ल्यांबाबत जास्त सावध राहा. अस्सल फार थोडे, नंतर बनवलेले फार. कागदाच्या आधाराशिवाय नुसत्या बिल्ल्यावरून त्या सेनेशी नाते जोडू नका.

आता कागद. बिल्ला रेजिमेंटपर्यंत पोचवतो, माणसापर्यंत फक्त कागद पोचवतो. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पे-बुक, पेन्शनचा कागद घरातच असण्याची शक्यता सर्वांत मोठी, पण आपण तो लष्कराच्या कागदांत शोधत बसतो. आपल्याकडे असे कागद शेतीच्या कागदांबरोबर बांधून ठेवलेले असतात. सात-बारा, फेरफार, सोसायटीच्या पावत्या यांचे पुडके सोडून बघा. माजी सैनिक म्हणून सरकारी जमीन मिळाली असेल तर जुन्या फेरफाराच्या नोंदीत तसा उल्लेख सापडू शकतो. तलाठ्याकडे सालाचा अंदाज देऊन नक्कल मागा. जन्मतारखेसाठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, मृत्यूच्या नोंदीसाठी कोतवाल बुकाची नक्कल. भरतीच्या वेळी वय अंदाजाने लिहिले जाई, म्हणून चार-पाच वर्षांचा फरक निघाला तर घाबरू नका.

शोधताना जिल्ह्याचे जुने नाव लक्षात ठेवा. तेव्हा आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा हे वऱ्हाडचे जिल्हे. गडचिरोलीचा माणूस कागदावर चांद्याचा, गोंदियाचा माणूस भंडाऱ्याचा, वाशीमचा माणूस अकोल्याचा निघेल. यवतमाळ इंग्रजीत ‘येवतमाळ’ असे वाय-ई-ओ ने लिहीत आणि अमरावतीच्या शेवटी टी-आय येई. आडनाव बऱ्याचदा लिहिलेलेच नसते, नाव आणि वडिलांचे नाव एवढेच असते. आबाजी युद्धात वारले असते तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव शोधता आले असते. तिथे बऱ्याचदा वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. पण ती यादी फक्त मृतांची आहे. परत आलेल्यांसाठी तिथे वेळ घालवू नका.

लष्कराकडे अर्ज करायचा तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला आहे. आबाजी कामठीला भरती झाले म्हणून कामठीला हेलपाटा घालू नका, तिथे आता ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या दुसऱ्या रेजिमेंटचे केंद्र आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांचे) पुण्याजवळ खडकीला, सिग्नलचे जबलपूरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, वैद्यकीय कोअरचे लखनौला. अर्ज एका पानाचा पुरे. भरतीच्या वेळचे नाव, वडिलांचे नाव, नंबर माहीत असेल तर नंबर, हुद्दा, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, भरती आणि सुटकेची अंदाजी साले. नंबर सापडला तरी त्यासोबत रेजिमेंट लिहाच. तेव्हा एकच नंबर वेगवेगळ्या रेजिमेंटमध्ये वेगवेगळ्या माणसांना असे. सोबत आबाजींच्या मृत्यूचा दाखला, तुमच्या नात्याचा पुरावा आणि बिल्ल्याचे फोटो जोडा. मूळ बिल्ला किंवा मूळ कागद कधीही पोस्टाने पाठवू नका. पेन्शन न घेतलेल्या सैनिकांची सविस्तर कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत होती, म्हणून ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. अर्जातच ‘लाँग रोल’ तपासावा असे स्पष्ट लिहा. ती भरती झालेल्यांची मूळ नोंदवही असते.

अर्ज थेट पाठवण्याआधी यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्यांच्या शिफारसपत्रासह गेलेला अर्ज वाटेत हरवत नाही. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारकडून दरमहा मदत मिळण्याची योजना आहे. आजी हयात असतील आणि आबाजींची युद्धकाळातली सेवा कागदावर निघाली तर ही चौकशी त्याच फेरीत करा. बिल्ला एवढ्यासाठी पुरावा धरला जात नाही, डिस्चार्जचा कागद किंवा रेकॉर्ड ऑफिसचे पत्रच लागते.

फोटो असे काढा. सकाळच्या तिरप्या उन्हात, फ्लॅश बंद करून, पांढऱ्या कागदावर, शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून. एक पुढून, एक मागून, एक कडेवरून, आणि तुटलेल्या कडीचा जवळून. अक्षरे उमटत नसतील तर बिल्ल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलच्या शिशाने हलकेच घासा, पुसटलेली अक्षरेही कागदावर येतात. सोनाराच्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मग बिल्ला सुती कापडात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल धरते आणि ती हिरवी भुकटी पुन्हा चढते. सोबत एका चिठ्ठीवर आबाजींचे पूर्ण नाव, गाव, आणि बिल्ला कुठे व कोणाच्या पेटीत सापडला ते लिहून ठेवा.